एकाच शुक्राणूस परवानगी

सिंगापूरच्या दक्षिणेकडील बेटांभोवती, प्रवाळांच्या कपारींत, डायाडेमा सेटोसम नावाचा काळाभोर, लांबसडक काट्यांचा सी-अर्चिन राहतो. पाठीवरील नारिंगी कडे आणि पाच पांढरे ठिपके यांमुळे, एकदा पाहिल्यावर त्यास ओळखण्यात सहसा कोणाची चूक होत नाही. शीतोष्ण कटिबंधाकडे उन्हाळ्यातच प्रजनन करणारी ही जात विषुववृत्तानजीक वर्षभर प्रजोत्पादन करते. सिंगापूर किनाऱ्यालगतच्या या जातीच्या जननग्रंथींच्या वाढीचा अभ्यास होरी, फांग आणि लाम यांनी 1987 साली प्रसिद्ध केला.

नरमादी एकमेकांजवळ येत नाहीत. दोघेही आपापले बीज पाण्यात सोडतात आणि पुढचा सारा मामला समुद्रावर सोपवतात. अशा खुल्या दरबारात एका अंड्याभोवती शेकडो शुक्राणू जमावेत हे ओघानेच आले. परंतु एकाऐवजी दोन आत शिरले तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि गर्भ बहुधा मरतो. म्हणून पहिला आत येताच इतरांस मज्जाव करण्याची तजवीज अंड्याने स्वतःच केलेली असते, आणि ती समजून घेण्यास सी-अर्चिनाइतका सोयीचा प्राणी नाही: पोटॅशियम क्लोराइडची पिचकारी दिली की तो लाखो अंडी सोडतो, काही जातींची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, आणि सारी एकाच क्षणी फलित करता येतात. शुक्राणूचे व अंड्याचे केंद्रक एकरूप होताना ऑस्कर हर्टविगने 1875 साली पाहिले ते याच प्राण्यात.

पुढील आकडे मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जांभळ्या अर्चिनाचे आहेत. विश्रांत अंड्याच्या आवरणावर सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट विद्युत्दाब असतो. पहिला शुक्राणू चिकटताच समुद्रातील सोडियमचे आयन आत धावतात आणि तीन सेकंदांच्या आत हा दाब अधिक 20 च्या आसपास पोचतो. या दाबाखाली दुसऱ्या शुक्राणूस अंड्याशी एकरूप होता येत नाही. लॉरिंडा जॅफी यांनी 1976 साली विद्युत्प्रवाह सोडून अंड्याचा दाब कृत्रिमरीत्या धन राखला आणि शुक्राणू असूनही फलन होत नाही, हे दाखवले. पाण्यातील सोडियम घटवले तर अनेक शुक्राणू शिरतात. समुद्राचे मीठ हे अशा रीतीने फलनातील एक पक्षकारच ठरते.

हा बंदोबस्त मात्र मिनिटभराचा. तेवढ्यात शुक्राणू शिरलेल्या जागेपासून कॅल्शियमची लाट निघून अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंडे ओलांडते, आणि हे कॅल्शियम बाहेरचे नसून अंड्याच्याच अंतर्गत साठ्यातले असते. लाट जाईल तसतशा काठालगतच्या, मायक्रोमीटरएवढ्या, सुमारे 15,000 कणिका फुटतात; त्यांतील द्रव्याने बाह्य आवरण पृष्ठापासून, दुधावरच्या सायीप्रमाणे, सुटून वर येते आणि मग घट्ट होते. त्यानंतर सोडियम आत व हायड्रोजन बाहेर अशी देवघेव सुरू होऊन अंड्याचा सामू 6.9 च्या आसपासून 7.3 कडे चढतो, आणि थंडावलेले प्रथिननिर्मितीचे कारखाने जोमाने सुरू होतात. अंडे निष्क्रिय आणि शुक्राणू कर्ता, ही आपली जुनी समजूत या हिशेबापुढे टिकत नाही.

या ज्ञानाची गरज सिंगापुरात दुसऱ्याच दालनात भासली. 1983 साली कांडांग करबाऊ रुग्णालयात, प्रा. एस. शान रत्नम यांच्या पथकाच्या हातून परीक्षानळीतील बाळ जन्मले. त्यास आशियातील पहिले म्हणण्याचा प्रघात आहे, मात्र कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी 1978 सालीच असे बाळ जाहीर केले होते व सरकारी समितीने त्यांना खोटे पाडले होते, हे आपण विसरू नये. 1988 साली रत्नम, एन्ग सून चाय, आरिफ बोंगसो व सहकाऱ्यांनी, मानवी अंड्याच्या जाड कवचाखाली शुक्राणू सोडून झालेल्या गर्भधारणेची वार्ता दिली. मानवी अंड्यास अर्चिनासारखा विद्युत् मज्जाव नसतो. मुख्य अडसर त्या कवचाचा, आणि तोच ओलांडल्यावर किती शुक्राणू सोडावेत हा प्रश्न बिकट ठरला. एकच शुक्राणू थेट अंड्यात टोचण्याच्या, 1992 साली ब्रुसेल्सहून जाहीर झालेल्या पद्धतीने तो निकालात काढला.

तरीही टोचलेले एखादे अंडे जागे होत नाही. तेव्हा काही चिकित्सालयांत डॉक्टर ए-23187 नावाचे, आत कॅल्शियम वाढवणारे द्रव्य वापरतात. शुक्राणूविना अर्चिनाची अंडी जागी करण्यासाठी स्टाइनहार्ट आणि एपेल यांनी 1974 साली वापरले होते, तेच हे.