पेन्शन, वारा आणि परतीचं बंदर

निवृत्तीनंतर काय करणार, याची आपल्याकडची उत्तरं ठरलेली आहेत: गावचं घर दुरुस्त करू, चारधाम करू, नातवंडं सांभाळू. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात मात्र एक चिवट जमात आहे. ही मंडळी घर विकतात किंवा भाड्याने देतात, पस्तीस-चाळीस फुटी शिडाची बोट घेतात आणि तिच्यावरच राहायला जातात. यांतले सगळे काही गडगंज नसतात. पेन्शनीत कसं भागेल, याचा हिशेब मांडूनच अनेकजण निघतात.

यातलं सर्वांत गाजलेलं नाव जीन सॉक्रेटिस. लंडनच्या या गणिताच्या प्राध्यापिकेला शिडाची बोट हातात धरायलाच पन्नाशी उजाडली. १९९७ मध्ये तिने आणि जॉर्ज या नवऱ्याने निवृत्तीसाठी 'नेरेइडा' ही बोट घेतली. २००३ मध्ये जॉर्ज कर्करोगाने गेले. बोट विकून टाकणं सोपं होतं, पण जीन एकटीच निघाली. २००८ मध्ये एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करायला शंभर मैलही उरले नव्हते, तेव्हा मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बोट वाळूत चढली आणि गेलीच. तिने त्याच नावाची दुसरी बोट घेतली. २०१३ मध्ये, सत्तरीत, कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७ मध्ये पडून मानेचं हाड आणि बरगड्या मोडल्या, आणि तरीही २०१९ च्या सप्टेंबरात, ७७ व्या वर्षी, तीच प्रदक्षिणा पुन्हा पूर्ण केली.

ही गोष्ट ऐकून छाती फुगते, पण बेत आखणाऱ्याला ती चकवूही शकते. जीन अपवाद आहे. तिच्याकडून उचलायचं ते वेगळंच: दोघांसाठी आखलेला बेत एका दिवसात एकाचा होतो. म्हणून बोट घेण्याआधीचा प्रश्न किमतीचा नाही. जोडीदार आजारी पडला तर उरलेल्या एकाला ती बंदरात आणता येईल का, हा आहे.

अनुभवी जोडपी याची रंगीत तालीम बंदरात करतात. ऐंशी किलोचा, भिजलेला, थंडीने हातपाय आखडलेला माणूस पाण्यात आहे आणि डेक त्याच्या डोक्यावर मीटरभर उंच. नुसत्या हातांनी तो वर येत नाही. मुख्य शीड चढवायचा दोर त्याच्या पट्ट्यात अडकवायचा, विंचला तीन-चार वेढे द्यायचे आणि दांडा फिरवत इंच-इंच वर घ्यायचं. साठीतल्या बायकोला हे जमलं तर ती बोट त्यांच्या मापाची. नांगर टाकतानाही असंच. सहसा नवरा ऐटीत सुकाणूवर आणि बायको पुढे नाळेवर साखळीशी झटापट करत असते. शहाणी जोडपी जागा बदलतात. ताकद पुढे लागते, सुकाणूवर हलका हात पुरतो.

यानंतर प्रश्न येतो वाऱ्याच्या पंचांगाचा, आणि त्याच्यापुढे कुणाची रजा-सुट्टी चालत नाही. युरोपातून कॅरिबियनला जायचं तर कॅनरी बेटांवरून नोव्हेंबर-डिसेंबरात निघतात. जुने खलाशी सांगत, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा. व्यापारी वारे तिथे भेटतात. जिमी कॉर्नेल यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली 'एआरसी' ही सामूहिक सफर याच मोसमात लास पाल्मासहून निघते. सेंट लुसियापर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल, साधारण तीन आठवडे. दोघंच असतील तर तीन-तीन तासांचा पहारा, म्हणजे तीन आठवडे सलग झोप नाही. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. तेव्हा बोट कुठल्या अक्षांशाखाली हवी, हे विमा कंपनी लिहून देते. ग्रेनेडाचा परिसर पुरेसा दक्षिणेला म्हणून बरेचजण तिथे जातात. पण २००४ मध्ये 'आयव्हान' तिथेही पोचलं आणि जुलै २०२४ मध्ये 'बेरिल'ने कॅरियाकू बेटाच्या खारफुटीत बांधून ठेवलेल्या बोटींचा खच पाडला.

पैशांचा जुना ठोकताळा असा: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल देखभालीला. लाख पौंडांची बोट म्हणजे वर्षाला दहा हजार. शिडं झिजतात, डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. मरिनाचं भाडं बोटीच्या लांबीवर, खाडीत नांगरून राहणं बहुतेक ठिकाणी फुकट. म्हणून माझ्या मते पहिला खर्च मोठ्या नांगराचा आणि जाड साखळीचा, फ्रिजचा नव्हे.

पेन्शन कधीपासून घ्यायची, हाही नौकानयनाचाच निर्णय ठरतो. अमेरिकेत १९६० किंवा नंतर जन्मलेल्याने सोशल सिक्युरिटी ६२ व्या वर्षी घेतली तर ती तीस टक्क्यांनी कमी मिळते, सत्तरीपर्यंत थांबला तर पूर्ण रकमेपेक्षा चोवीस टक्के जास्त. कागदावर थांबणं शहाणपणाचं. पण सत्तरीतले गुडघे डोलकाठीवर चढत नाहीत, त्यामुळे बरेच खलाशी कमी पेन्शन घेऊन लवकर सुटतात. मला त्यांचं गणित पटतं. फक्त अमेरिकेचं मेडिकेअर देशाबाहेर जवळपास काहीच देत नाही, तेव्हा आरोग्यविम्याचा खर्च वेगळा धरायला हवा.

कागदपत्रांचे विनोदही आहेत. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश बोट युरोपीय संघात कर न भरता अठरा महिने राहू शकते, तिचा ब्रिटिश मालक मात्र शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच. भारतीय पासपोर्टवर तर व्हिसाची कटकट आणखी मोठी. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली, ती नौदलाच्या पाठबळावर. पेन्शनर मराठी जोडप्याला असा बेत जमतो तो बहुधा परदेशी पासपोर्ट आणि पेन्शन दोन्ही असेल तर.

निघण्याची तयारी सगळे वर्षानुवर्षं करतात, उतरण्याची फार थोडे. सत्तरी ओलांडल्यावर लांबच्या सफरीचा नवा विमा मिळणं अवघड होतं. आजारपणात घाईने विकायला काढलेली बोट कुठल्यातरी दूरच्या यार्डात महिनोन्महिने पडून राहते आणि भाडं चालूच. म्हणून विक्रीचं वर्ष आणि बंदर निघतानाच ठरवावं, आणि किनाऱ्यावर डोकं टेकायला जागा राखावी. आयुष्यभर इंजिनाविना भटकलेल्या लिन आणि लॅरी पार्डी यांनीही न्यूझीलंडच्या कावाउ बेटावर घर केलं होतं. लॅरींची प्रकृती ढासळली तेव्हा ते होतं. २०२० मध्ये लॅरी गेले.

काहींना पाणी पूर्ण सोडवत नाही. ते डोलकाठी उतरवून फ्रान्सच्या कालव्यांत शिरतात, जिथे वादळ नाही, रात्रपाळी नाही आणि संध्याकाळी बेकरी चालत गाठता येते. मात्र तिथे बोट हाकायला 'सेवनी' या अंतर्गत जलमार्ग नियमांची परीक्षा द्यावी लागते. दोन महासागर पार केलेली माणसं मग सत्तरीत खुणांच्या पाट्या पाठ करत बसतात.