दुखण्याला किती मार्क?

मुलांनो, परीक्षेत शून्य मार्क मिळाले तर घरी काय होईल? आई डोळे वटारेल, बाबा प्रगतिपुस्तकावर सही करायला कुरकुर करतील, हो ना? पण आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला शून्य मिळालं, आणि तिच्या आजीनं चक्क गल्लीभर पेढे वाटले!

ही गोष्ट त्या मुलीची आहे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला चिऊ म्हणू या.

चिऊला रक्ताचा कर्करोग झाला. लहान मुलांच्या कर्करोगांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. नाव ऐकून दचकू नका. वेळेवर आणि पूर्ण उपचार केले तर यातून कितीतरी मुलं खडखडीत बरी होतात. पण हे औषधपाणी दोन-अडीच वर्षं चालतं. त्यातली बरीचशी औषधं शिरेतून द्यावी लागतात. या उपचारांना केमोथेरपी म्हणतात.

आता तुमच्या हाताच्या शिरा बघा. किती बारीक! त्यांत पुन्हा पुन्हा सुई टोचली की त्या दुखावतात, कडक होतात, सापडेनाशा होतात. शिवाय यातली काही औषधं इतकी जहाल असतात, की शिरेबाहेर सांडली तर आतली कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून डॉक्टरांनी चिऊला 'पोर्ट' बसवायचं ठरवलं.

पोर्ट म्हणजे नाण्याएवढी एक चपटी डबी. तिच्या तोंडाशी जाड रबरासारखा पडदा असतो आणि तिला एक मऊ, बारीक नळी जोडलेली असते. मुलाला पूर्ण भूल देऊन ही डबी गळ्याच्या आडव्या हाडाखाली, छातीच्या कातडीच्या आत ठेवतात. नळीचं दुसरं टोक एका मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचतं. तिथे रक्ताचा लोंढा मोठा असल्यामुळे औषध लगेच पातळ होतं आणि शिरेला त्रास होत नाही. जॉन नीडरह्यूबर या अमेरिकन शल्यचिकित्सकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली या युक्तीची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगभर लाखो सुया वाचल्या असतील!

शूर मुलगी रडत नाही?

चिऊचं ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी ती घरी आली आणि बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिला भेटायला गेले.

चिऊ भिंतीला टेकून बसली होती. मान एका बाजूला कललेली, उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला. मानेजवळ आणि छातीवर पट्टी, भोवती काळंनिळं झालेलं. मी विचारलं, "दुखतंय का गं?" तिनं मान हलवायचा प्रयत्न केला आणि हळूच म्हणाली, "नाही बाई."

मी काय केलं सांगू? तिचं कौतुक केलं! "शाब्बास! आमची चिऊ शूर आहे. अजिबात रडत नाही."

तिची आई मला दाराशी पोचवायला आली आणि म्हणाली, "बाई, रात्रभर झोपली नाही हो ती. पण विचारलं की नाहीच म्हणते. येणारा प्रत्येक जण शूर म्हणतोय ना, आता दुखतंय म्हणायची लाज वाटते तिला."

मला एकदम चटका बसला. तिचं तोंड आम्हीच सगळ्यांनी बंद केलं होतं. मी परत आत गेले आणि तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "चिऊ, मघाशी मी चुकीचं बोलले. भूल देऊन कापलंय, टाके घातलेत, आत नवी डबी बसवलीय. दुखणारच. आता खरं सांग, दहापैकी किती मार्क देशील दुखण्याला?"

तिचे डोळे भरून आले. "सात," ती म्हणाली. आणि मग पोटभर रडली.

उलटं गुणपत्रक

त्याच संध्याकाळी आम्ही चौकटीच्या वहीत एक आलेख काढला. आडव्या रेघेवर वार आणि उभ्या रेघेवर शून्य ते दहा. रोज संध्याकाळी चिऊनं दुखण्याला मार्क द्यायचे. या परीक्षेत जितके कमी मार्क तितका वरचा नंबर!

आईनं दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी घरात होती, पण चिऊ 'नको' म्हणते म्हणून कुणी दिलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "जरूर द्या. फक्त प्रत्येक वेळी आधी ताप मोजा. ही गोळी ताप झाकून टाकते, आणि या मुलांचा ताप झाकला जाता कामा नये. आमच्या मनाने दिलेल्या गोळीशिवाय दुसरी कुठलीही गोळी नको. काही गोळ्यांनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो."

मग घरातल्या सगळ्यांनी कामं वाटून घेतली. आईनं डोक्यावरून घालायचे फ्रॉक कपाटात ठेवले आणि पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढले, म्हणजे हात वर करावा लागत नाही. आजीनं गोधडीच्या चिंध्यांची छोटीशी मऊ उशी शिवली. झोपताना ती हाताखाली घ्यायची आणि गाडीत बसताना पट्टा आणि छाती यांच्यामध्ये ठेवायची. उताणं किंवा डाव्या कुशीवर झोपायचं. पट्टी ओली होऊ नये म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळीऐवजी अंग पुसायचं. आजीला जखमेवर हळद लावायची फार इच्छा होती, पण तिनं आधी विचारलं हे बरं केलं. हळद, तेल, मलम, शेक यांतलं काहीही जखमेवर चालत नाही.

आणखी एक गंमत. दुखतं म्हणून चिऊनं हात आणि मान अगदी गच्च धरून ठेवली होती. त्यामुळे मान आखडली आणि जास्तच दुखायला लागली. सिस्टरांनी सांगितलं होतं, की जड उचलायचं नाही, लोंबकळायचं नाही, पण हात हळूहळू हलवायचा. भात कालवायचा, चित्रं रंगवायची, पत्ते खेळायचे. हीच कसरत!

गुरुवारी सहा मार्क. शुक्रवारी चार. शनिवारी तीन. रविवारी दोन! आलेख घसरगुंडीसारखा खाली आला.

खोडलेला एक

सोमवारी संध्याकाळी चिऊनं वही घेतली आणि एक मार्क दिला. वही मिटली. थोड्या वेळानं पुन्हा उघडली. एक खोडला आणि पाच लिहिले. मग वही आईसमोर धरली.

"आई, आलेख बिघडला," ती म्हणाली. "पण सकाळपासून परत दुखतंय. आणि तिथे गरम लागतंय."

आईनं पाहिलं. टाक्यांभोवती लाली आली होती, थोडी सूज होती. थर्मामीटर लावला, १००.८! सकाळपर्यंत वाट बघू, असं कुणीही म्हटलं नाही. शेजारच्या काकांनी जीप काढली आणि आजीची उशी छातीशी धरून चिऊ रात्रीच्या रात्री जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली.

जखमेत जंतू शिरायला लागले होते. केमोथेरपीमुळे अंगातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाई, कमी झालेले असतात. त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. चिऊला लगेच औषधं सुरू झाली. पाच दिवसांनी ती घरी आली आणि पोर्टही वाचला. डॉक्टर तिला म्हणाले, "आज तू न सांगता झोपली असतीस, तर फार कठीण झालं असतं. न रडणारं मूल शूर, असं कुणी सांगितलं तुला? वेळेवर सांगणारं मूल शूर!"

त्यांनी हे चिऊला सांगितलं, पण ते मलाही लागू होतं.

मुलांनो, ती वही माझ्याकडे आहे. त्यातल्या त्या खोडलेल्या एकाचा डाग अजून दिसतो. मी शिकवताना खाडाखोडीला नेहमी ओरडते, पण एवढी सुंदर खाडाखोड मी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या आठवड्यात शून्य मार्क मिळाले. पेढ्यांचं कारण आता कळलं ना?

चिऊ शाळेत येते

पुढे बरेच महिने चिऊ घरीच अभ्यास करत होती. आता पोर्टमधून औषध देताना, आधी तासभर कातडीवर बधिर करणारं मलम लावतात. मग खास सुई पडद्यातून आत जाते. थोडं टोचतं, पण शिरा शोधायची मारामारी नाही. औषध नसतं तेव्हाही ठरावीक दिवसांनी पोर्ट धुऊन घ्यावा लागतो, नाहीतर नळी तुंबते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती शाळेत आली. त्याआधी मी वर्गाशी बोलले. एकानं विचारलं, "बाई, तिचा आजार आपल्याला होईल का?" मी म्हटलं, "मुळीच नाही. उलट आपली सर्दी, आपल्या कांजिण्या तिला होऊ नयेत म्हणून आपण जपायचं." मग मुलांनीच नियम केले. चिऊच्या उजव्या खांद्याला धक्का द्यायचा नाही. तिचं दप्तर आळीपाळीनं उचलायचं. घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर बाईंना त्याच दिवशी सांगायचं.

आणि एक नियम चिऊनं सगळ्यांसाठी केला. आता आमच्या वर्गात कुणी पडलं, कुणाचं पोट दुखलं, किंवा कुणी नुसतंच गप्प गप्प बसलं, तर शेजारचा विचारतो, "दहापैकी किती?"

पालकांसाठी

पोर्ट बसवल्यावर पहिले काही दिवस दुखणं, मान आखडणं, काळंनिळं होणं अपेक्षित आहे. ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. पण दुखणं वाढलं, लाली, सूज किंवा पू दिसला, हात किंवा मान सुजली, दम लागला, थंडी वाजली किंवा १००.४ फॅरनहाइट आणि त्यावर ताप गेला, तर दिवस असो वा रात्र, ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि मूल 'दुखत नाही' म्हणालं, तरी मार्क विचारा.