नगरपालिकेच्या सभागृहातून लोकसभेकडे

लोकसभेच्या आजवरच्या अध्यक्षांच्या यादीत मराठीभाषक चार आहेत : गणेश वासुदेव मावळणकर, शिवराज पाटील चाकूरकर, मनोहर जोशी आणि सुमित्रा महाजन. त्यांचे काळ वेगळे, पक्ष वेगळे, स्वभाव तर फारच वेगळे. पण चौघांची चरित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मावळणकर १९३० च्या दशकात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष होते. मनोहर जोशी १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई १९८४-८५ मध्ये इंदूरच्या उपमहापौर होत्या. दिल्लीतल्या त्या उंच खुर्चीवर बसण्याआधी चौघांनीही आपापल्या गावच्या पाण्याची आणि गटारांची भांडणे ऐकली होती.

या चौघांपैकी चाकूरकर आमच्या जिल्ह्याचे. 'आमच्या' म्हणतो ते जुन्या हिशेबाने. १५ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत लातूर हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. चाकूरकर नगराध्यक्ष झाले, आमदार झाले, विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९८० मध्ये पहिल्यांदा लोकसभेत गेले, तेव्हा कागदोपत्री ते उस्मानाबाद जिल्ह्याचे पुढारी होते. जिल्हा फुटल्यावर धाराशिवकरांनी त्यांना लातूरच्या खात्यावर लिहून टाकले. त्यामुळे आपल्याकडच्या राजकारणाच्या बोलण्यात त्यांचे नाव क्वचितच निघते.

१२ ऑक्टोबर १९३५ रोजी चाकूर येथे जन्म, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून विज्ञानाची पदवी, मग मुंबईत कायद्याचे शिक्षण. मराठवाड्यातल्या त्या पिढीचा हा ओळखीचा प्रवास आहे. आधी हैदराबाद आणि राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई. लातूरच्या सोनवणे बंधूंपैकी केशवराव सोनवणे यांचे पाठबळ त्यांना मिळाले आणि १९६७ च्या सुमारास ते नगराध्यक्ष झाले.

हा काळ नीट पाहण्यासारखा आहे. मराठवाड्यातल्या नगरपालिका तोवर हैदराबाद राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली चालत. त्याच्या जागी १९६५ चा महाराष्ट्राचा नगरपरिषद कायदा येत होता. म्हणजे नियमांचे पुस्तकच बदलत होते आणि ते वाचून इतरांना समजावून सांगणारा माणूस हवा होता. वकील नगराध्यक्षाची किंमत अशा वेळी कळते. त्या काळी नगरसेवक आपल्यातूनच नगराध्यक्ष निवडत. ज्या सभेने निवडले, तिच्याच समोर बसून ती सभा चालवायची. विषयपत्रिकेवर कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाला किती बोलू द्यायचे, इतिवृत्तात काय लिहायचे, विरोधकाचा हरकतीचा मुद्दा कधी मान्य करायचा, हे सारे त्याच्याकडे. शिवाय आज सभेत ज्याला गप्प बसवले तो संध्याकाळी बाजारात भेटणारच. दिल्लीत खासदार विमानाने आपापल्या गावी जातात. नगराध्यक्षाला ती सोय नाही.

मला वाटते, चाकूरकरांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ इथे आहे. ते गर्दीचे पुढारी कधीच नव्हते. त्यांच्या नावावर गाजलेले आंदोलन नाही, गाजलेली घोषणा नाही. पण सभा चालवणे त्यांना येत होते. आमदारकीची त्यांची वर्षे १९७३ ते १९८०. विधी व न्याय, पाटबंधारे, राजशिष्टाचार अशा खात्यांचे उपमंत्रिपद आणि विधिमंडळाच्या समित्यांचे काम या मार्गाने ते जुलै १९७७ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष आणि मार्च १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राच्या विधानसभेने तोवर पाहिलेली ही सर्वांत मोठी उलथापालथ. सरकार बदलले, बाके बदलली, अध्यक्ष मात्र डिसेंबर १९७९ पर्यंत तेच राहिले. दोन्ही बाजूंना चालणारा माणूस असल्याशिवाय असे होत नाही.

१९८० मध्ये ते लोकसभेला उभे राहिले. त्याआधी १९७७ मध्ये लातूरची ही जागा शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांनी जिंकली होती आणि भाईंचा या जिल्ह्यातला दबदबा जुन्या लोकांना सांगायला नको. चाकूरकरांनी ती जागा काँग्रेसकडे परत आणली आणि पुढे १९९९ पर्यंत सलग सात वेळा ते निवडून आले. त्यांनी सोडलेल्या लातूर विधानसभेच्या जागेवर १९८० मध्येच विलासराव देशमुख आले. विलासराव बाभळगावचे सरपंच, मग उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य. एकाच जिल्ह्यातून, एकाच पक्षातून, थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन जिने वर गेले. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा जिना मुख्यमंत्रिपदाकडे गेला, नगरपालिकेचा लोकसभा अध्यक्षपदाकडे. हा नियम आहे असे मी म्हणणार नाही. पण जिल्हा परिषदेत निधी वाटणे, माणसे जोडणे आणि कामे मार्गी लावणे हे शिकायला मिळते. विलासरावांची हातोटी नेमकी तीच होती.

१९८० ते १९८९ या काळात चाकूरकर केंद्रात राज्यमंत्री होते. संरक्षण, वाणिज्य, विज्ञान व तंत्रज्ञान, अणुऊर्जा, अवकाश, नागरी विमान वाहतूक अशी खाती त्यांच्याकडे आली आणि गेली. त्या दहा वर्षांवर मी फार थांबत नाही. मार्च १९९० मध्ये काँग्रेस विरोधी बाकांवर असताना ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले आणि १० जुलै १९९१ रोजी अध्यक्ष.

त्यांच्या अध्यक्षपदाची पाच वर्षे भारताच्या संसदेतील सर्वांत खडतर वर्षांपैकी होती. नरसिंह रावांकडे सुरुवातीला बहुमत नव्हते. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. मे १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. बाजूने १९६ मते, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ. आवश्यक बहुमत न मिळाल्याने प्रस्ताव पडला. असे प्रकरण देशाने त्याआधी पाहिले नव्हते; कामकाजाची पद्धतही नव्याने घालून द्यावी लागली. जुलै १९९३ मध्ये सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला. अशा सभागृहात अध्यक्षाचा एक चुकीचा शब्द महाग पडतो. चाकूरकरांची ख्याती संथपणाची होती. वृत्तपत्रे त्याची थट्टा करीत, पण त्या पाच वर्षांत तो संथपणा उपयोगी पडला असे माझे मत आहे.

त्यांच्या कारकिर्दीतली टिकलेली गोष्ट म्हणजे १९९३ मध्ये सुरू झालेल्या खातेनिहाय स्थायी समित्या. सुरुवातीला १७ होत्या. प्रत्येकीत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सदस्य. मंत्रालयांच्या मागण्या आणि विधेयके तपशिलात तपासण्याचे काम या समित्या आजही करतात. नगरपरिषदेचा कायदा ज्याने वापरला आहे, त्याला यात ओळखीचे काही दिसेल. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम अशा विषय समित्या नगरपालिकेत आधीपासून असतात. भर सभेत आरडाओरडा होतो आणि समितीच्या खोलीत काम होते, हे कोणत्याही जुन्या नगरसेवकाला विचारा. संसदेच्या समित्यांची कल्पना लातूरहून गेली असा दावा मला करायचा नाही. पण ती अमलात आली तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर एक माजी नगराध्यक्ष होता, हे विसरण्यासारखे नाही.

त्याहून लक्षात ठेवावी अशी तारीख २२ डिसेंबर १९९२. अयोध्येनंतर सोळाव्या दिवशी, देश जळत असताना, लोकसभेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पहिली पंचायतींसाठी, दुसरी नगरपालिकांसाठी. तोवर नगरपालिका हे राज्य सरकारच्या मर्जीवरचे लेकरू होते. वाटेल तेव्हा बरखास्त करावे, वाटेल तितकी वर्षे निवडणूक टाळावी. ७४ व्या दुरुस्तीने राज्यघटनेत भाग नऊ-अ आला आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असे बंधन आले. तो निकाल सभागृहाला जाहीर करण्याचा अधिकार ज्या पदाकडे होता, त्यावर तेव्हा लातूरचा माजी नगराध्यक्ष होता.

या खुर्चीला एक किंमतही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्या वेळी लातूरचा खासदार सभागृहातल्या अशा एकमेव जागेवर होता, जिथून आपल्या भागाचा प्रश्न विचारता येत नाही. बाहेर भेटीगाठी, फोन, सूचना सगळे शक्य असते. पण अध्यक्ष कामकाजात आपल्या गावासाठी उठून उभा राहत नाही. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पुन्हा निवडणुकीला उभा राहिला तर मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे तो संकेत रुजला नाही. २००४ मध्ये माजी अध्यक्ष चाकूरकर लातुरात आणि विद्यमान अध्यक्ष मनोहर जोशी मुंबईत, असे दोघेही एकाच निवडणुकीत पराभूत झाले. लातुरात भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर सुमारे ३० हजार मतांनी जिंकल्या. माजी मुख्यमंत्री शिवाजीराव निलंगेकरांच्या त्या सूनबाई.

हरलेले चाकूरकर त्याच महिन्यात देशाचे गृहमंत्री झाले आणि नंतर राज्यसभेवर गेले. शहराच्या कारभारातून गृहमंत्रिपदापर्यंत जाणे जगात नवे नाही. झेक प्रजासत्ताकात तर 'महापौर आणि अपक्ष' अशाच नावाचा पक्ष आहे आणि त्याचे नेते, कोलीन शहराचे माजी महापौर व्हीत राकुशान, २०२१ मध्ये गृहमंत्री झाले. त्यांचे महापौरपद आणि गृहमंत्रिपद यांत थोड्याच वर्षांचे अंतर होते. चाकूरकरांच्या बाबतीत मध्ये जवळपास पस्तीस वर्षे गेली होती, आणि त्यांतली कसोटीची वर्षे अध्यक्षाच्या खुर्चीवर. सगळ्यांचे ऐकून घेऊन मग बोलणे हा तिथला गुण. गृहखात्यात लोकांना पहिल्या तासात बोलणारा माणूस हवा असतो. सप्टेंबर २००८ च्या दिल्लीतील स्फोटांनंतर एका संध्याकाळी त्यांनी किती वेळा कपडे बदलले, याचीच चर्चा झाली. ती उथळ होती, पण तिच्या तळाशी असलेला राग उथळ नव्हता. मुंबईवरील हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत विलासरावांनाही मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. उस्मानाबाद जिल्ह्यातून वर गेलेले दोन्ही जिने एकाच घटनेत खाली आले. पुढे चाकूरकर २०१० ते २०१५ पंजाबचे राज्यपाल होते.

मग गावाला काय मिळाले, हा प्रश्न मला धाराशिवमध्येही आणि लातूरमध्येही ऐकू येतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नगराध्यक्ष, मुख्यमंत्री, लोकसभा अध्यक्ष, गृहमंत्री दिलेल्या शहराची ही अवस्था. याचा दोष एका माणसावर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ऊस, धरणाची जागा, वाढते शहर यांचा तो हिशेब आहे. पण नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवरचा पहिला विषय पन्नास वर्षांनी तसाच पहिल्या क्रमांकावर होता, एवढे मात्र खरे.

मला अधिक काळजी आहे ती जिन्याच्या पहिल्या पायरीची. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या. राज्यभरातल्या नगरपरिषदांवर प्रशासक आले. आमचे धाराशिवही त्यांत होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने ज्याला पाच वर्षांची वेस घातली होती, ते वर्षानुवर्षे लांबले. या काळात इथे सभा झाल्या नाहीत, हरकतीचे मुद्दे निघाले नाहीत, विषय समित्या बसल्या नाहीत. तिशी-पस्तिशीतल्या ज्या वकिलाने किंवा शिक्षकाने या वर्षांत नगरसेवक म्हणून सभा चालवायला शिकायचे, तो मुख्याधिकाऱ्याच्या दालनाबाहेर निवेदन घेऊन उभा राहिला. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हेही सरकारागणिक बदलत गेले : २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला सभेचा विश्वास कमावावा लागतोच असे नाही. १९६७ च्या नगराध्यक्षाला तो रोज कमवावा लागे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. बहुतेक नगरपरिषदांत २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. मतमोजणी लांबून २१ डिसेंबरला झाली. मतपेट्या बंद असतानाच, १२ डिसेंबरला, नव्वदीतले चाकूरकर लातूरच्या आपल्या घरी वारले.