शेपटी सोडा, गळा बघा!

हिवाळ्यात कॉलेजला जाताना शेताकडेच्या विजेच्या तारांवर नजर टाका. ओळीनं बसलेले छोटे, निळसर-काळे पक्षी दिसतील. त्या भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो. मराठीत भिंगरी आणि पाकोळी या नावांची कायम सरमिसळ होते. आपण स्वॅलोला भिंगरी म्हणू आणि स्विफ्टला पाकोळी. पाकोळीच्या पायांना तारेवर बसणं जमत नाही. म्हणजे तारेवर बसलेली दिसली की निम्मं काम झालं.

पण भिंगरी कुठली? इथं बहुतेक जण शेपटी बघतात आणि फसतात. माळभिंगरीची शेपटी लांब, दुभंगलेली असते खरी, पण तिच्या पिल्लांची आखूड असते. तारवाल्या भिंगरीच्या शेपटीच्या दोन तारा इतक्या बारीक की उडताना दिसतच नाहीत. म्हणून आधी गळा बघा.

गळा विटकरी आणि त्याखाली गडद निळा पट्टा? ती माळभिंगरी. महाराष्ट्रात ती हिवाळी पाहुणी.

गळ्यापासून पोटापर्यंत सगळं पांढरंशुभ्र आणि डोक्यावर विटकरी टोपी? ती तारवाली. नदी, तलाव, पुलाच्या आसपास शोधा. बहुतेकदा जोडीनं असते.

फिकट गळ्या-पोटावर बारीक रेघा, छातीवर पट्टा नाही? मग ती वळायची वाट बघा. शेपटीच्या अलीकडे पाठीवर तांबूस पट्टा दिसला की ती लालबुडी. तिच्या शेपटीखालचा भाग शाईत बुडवल्यासारखा काळा असतो.

गळ्यावर दाट रेघा, चण छोटी आणि शेपटी जवळपास सरळ कापलेली? ती रेघाळ गळ्याची भिंगरी. पुलांखाली चिखलाची घरटी एकमेकांना चिकटवून तिची अख्खी वसाहत असते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? कारण तुमची नोंद कुणीतरी वापरणार आहे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर टाकलेल्या नोंदींवरून. कुठली जात घटतेय, हे त्यातूनच ठरतं. जूनमध्ये लालबुडीला माळभिंगरी म्हणालात, तर नोंदी तपासणारे स्वयंसेवक विचारतील, कारण पाहुणी तोवर उत्तरेकडे परतलेली असते. जानेवारीत मात्र दोघीही इथंच असतात. तेव्हा झालेली चूक सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. ती तशीच आकड्यांत मिसळते.

मग गळा दिसलाच नाही तर? अंदाजानं नाव ठोकू नका. ई-बर्डवर ‘स्वॅलो, जात नक्की नाही’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो निवडा. त्यात कमीपणा काहीच नाही. अनुभवी मंडळीही तेच करतात.

सरावासाठी दुर्बीण लागतेच असं नाही. तारेवर बसलेल्या भिंगरीचा मोबाइलवर फोटो काढा, झूम करा आणि गळ्यापासून सुरुवात करा. फेब्रुवारीत चार दिवस ‘कॅम्पस बर्ड काउंट’ असतो. किमान १५ मिनिटं कॅम्पसमध्ये उभं राहून दिसतील ते पक्षी मोजायचे. तुमच्या कॉलेजचं नाव यादीत नसेल, तर दोन मित्रांना गाठा आणि यंदा सुरुवात करा. गच्चीवरून दिसणाऱ्या तारा आधी मोजा.