वाटा आणि वळणं – भाग ९ : समुद्र न दिसणारा किनारी महामार्ग

गेल्या आठवड्यात आपण कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा असे घाट उतरून कोकणात आलो. ते सगळे रस्ते पूर्व-पश्चिम. देशावरचं धान्य नि गूळ खाली, कोकणातलं मीठ, मासळी, नारळ वर, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ने-आण. आता त्याच कोकणातून उत्तर-दक्षिण जायचं आहे आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते.

पनवेलजवळ पळस्प्याला वळून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागेपर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर आपण कोकणातून जातो. हा देशाच्या पश्चिम किनाऱ्याचा महामार्ग. पूर्वी याचा क्रमांक १७ होता आणि तो केरळात कोचीजवळ एडापल्लीला संपायचा. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा तो ६६ झाला आणि कन्याकुमारीपर्यंत गेला. पण महाराष्ट्रातल्या सबंध टप्प्यात या किनारी महामार्गावरून समुद्र काही दिसत नाही. वडखळला धरमतर खाडीचा खारा वारा लागतो, तेवढंच. पहिल्यांदा कोकणात निघालेली मंडळी उजव्या खिडकीसाठी भांडतात आणि त्यांच्या वाट्याला कर्नाळ्याचा सुळका, सुकेळी खिंड नि कशेडीची वळणं येतात.

रस्ता आखणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून असं झालेलं नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या कंगव्याच्या दातांसारख्या एकामागोमाग एक पश्चिमेला येतात आणि समुद्राला मिळण्याआधी त्यांच्या खाड्या होतात. भरतीचं पाणी या खाड्यांतून कितीतरी आत शिरतं. मुखाशी पूल बांधायचा तर रुंद पात्र, खोल चिखल आणि खारं पाणी. तीच नदी आत तीस-चाळीस किलोमीटरवर गाठली तर पात्र अरुंद, खाली खडक आणि पाणी गोडं. जुन्या काळच्या तंत्राने आणि पैशाने पूल बांधायचा तर तो तिथेच परवडणार.

आता महामार्गावरची गावं आठवून पाहा. सावित्रीवर दासगाव-महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, मग खारेपाटण. एके काळी ही सगळी बंदरंच होती. बाणकोटहून सावित्रीत शिरलेला माल महाडकडे जायचा, दाभोळहून वाशिष्ठीत शिरलेला चिपळूणच्या गोवळकोट धक्क्याला, विजयदुर्गाच्या खाडीतला खारेपाटणला. राजापूरला तर इंग्रजांनी वखार घातली होती. भरती जिथवर गलबत नेऊन पोचवेल तिथे माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटाची वाट धरायचा. गलबताची हद्द जिथे संपते, जवळपास तिथेच पुलाची सोय सुरू होते. म्हणून हा महामार्ग या जुन्या खाडीबंदरांना एका दोऱ्यात ओवत जातो. मला तरी त्याच्या आखणीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

हा उत्तर-दक्षिण दोरा पूर्वी समुद्रातूनच जायचा. मुंबईहून रेवस, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असं जायचं तर बोट. आणि पावसाळा लागला की बहुतेक बंदरं बंद. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्या पिढीच्या कोकणी माणसाने रस्ता का मागितला, हे कळायला एवढं पुरे.

पण आतून आलेल्या रस्त्याला नद्यांचे पूर भेटतात. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस काही तासांत महाडला, चिपळूणला येऊन आदळतो. अशा वेळी समुद्राला भरती असली तर पाण्याला उतरायला वाट नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं अंधारात, पूल आहे अशा समजुतीने, थेट पाण्यात गेली. मृतदेह पार खाडीपर्यंत शोधावे लागले. नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, उभा राहिला. मनात आणलं तर काम किती लवकर होतं, याचा हा दाखला याच रस्त्यावर आहे. ‘याच रस्त्यावर’ असं मुद्दाम म्हणतो, कारण त्याच्या चौपदरीकरणाची कथा नेमकी उलटी आहे. पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर दरवर्षी ‘यंदाच्या गणपतीआधी’ हे आश्वासन चाकरमान्यांनी खड्ड्यांतून जाता जाता ऐकलं. भूसंपादन रखडलं, कर्नाळा अभयारण्याची परवानगी अडली, ठेकेदारांची आर्थिक गाडी रुतली. सिंधुदुर्गातलं काँक्रीट मात्र बरंच आधी पुरं झालं, म्हणजे दोष केवळ पावसावर टाकता येत नाही. कशेडीत सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे झाले. त्यातल्या एकातून २०२३ च्या गणपतीत हलक्या गाड्या सुटल्या आणि पाऊण तासाची वळणं दहा-पंधरा मिनिटांवर आली.

बोगदा हा मला डोंगराशी केलेला समंजस व्यवहार वाटतो. परशुराम घाटात तसा झाला नाही. तिथे रुंदीसाठी उभा कडा कापला गेला, दरडी येऊ लागल्या आणि २०२२ मध्ये घाट दिवसातले काही तास बंद ठेवून काम उरकावं लागलं. वर जांभा, खाली भिजली की सरकणारी माती. अशा उतारावर उभा छेद टिकत नाही, हे कोकणात विहीर खणणाराही सांगेल.

पत्रादेवी ओलांडली की रस्त्याचा स्वभाव बदलतो. गोव्यात तो मांडवी आणि झुआरी या नद्या मुखाजवळच ओलांडतो, कारण पणजी तिथे आहे. पुढे कारवारला डोंगर थेट समुद्राशी येऊन भिडतात, त्यामुळे आतून जायला जागाच उरत नाही. इथे पुरापेक्षा खारं पाणी नि दरडी वैरी. पणजीचा मांडवी पूल वीस वर्षंही झाली नसताना ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री पडला. त्याच्या तीन आठवडे आधी अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली होती आणि माणसं, वाहनं गंगावळी नदीत गेली होती. समुद्राचं सुख हवं असेल तर थेट मरवंतेला जावं. उडुपी जिल्ह्यातल्या या गावी एका हाताला अरबी समुद्र नि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आणि मधून हाच ६६.

मग महाराष्ट्रात किनाऱ्यालगतचा रस्ता कधी कुणाला सुचलाच नाही का? सुचला होता. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले यांचं स्वप्न. ते १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. स्वतः सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेतचे, त्यामुळे तरीसाठी ताटकळणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला आणि मोठ्या खाड्यांशी येऊन अडला. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या जागी गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जाऊ लागल्या. दाभोळला ही सोय २००३ पासून आहे. पर्यटकांना ती पंधरा मिनिटं फार आवडतात, मलाही आवडतात. पण शेवटची फेरी सुटल्यावर दाभोळहून गुहागरकडे आजारी माणूस न्यायचा तर चिपळूणचा वळसा पडतो, तेव्हा बोटीच्या मौजेचं कौतुक आपण पाहुण्यांनी जरा बेतानेच करावं. रस्ते विकास महामंडळाने आता या खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. ते पूल झाले की त्यांचे खांब खाडीमुखाशी खाऱ्या पाण्यातच उभे असतील. त्यांच्या उद्घाटनाइतकीच त्यांच्या दरवर्षीच्या तपासणीची तारीखही आधी ठरवून ठेवायला हवी.