सोयाबीनचा पैसा बारा महिने कसा पुरवायचा?

नोकरदाराला पगार दर महिन्याला. आपल्याकडं मात्र सोयाबीन विकलं की एकदाच पैसा येतो, अन् किराणा, वीजबिल, रिचार्ज वर्षभर चालूच. म्हणून आडतीवरून हिशोबपट्टी मिळाली की त्याच दिवशी वही काढा.

समजा, १ लाख २० हजार आले. सावकाराचं देणं असेल तर ते आधी मिटवा. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाचे ३६ टक्के होतात! पीककर्जाचं तसं नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राच्या सवलतीनं व्याज ४ टक्क्यांवर येतं, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून त्यातही सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत गेली. त्यामुळं कर्जाचे ४० हजार बाजूला काढा, मुदतीपर्यंत त्याला हात लावू नका. लग्नाचा आहेर असो की नवा मोबाईल, त्यातून नाही.

बी-खताचे २० हजार वेगळे. उरले ६० हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार. हे दुसऱ्या खात्यात टाका अन् दर १ तारखेला तेवढेच रोजच्या खात्यात घ्या. ५ हजारांत भागत नसेल तर ते आत्ताच कळेल, उन्हाळ्यात उधारी झाल्यावर नाही.

विम्याचं विसरू नका. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवनज्योती ४३६. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. सुरक्षा अपघातासाठी, जीवनज्योती कोणत्याही कारणानं झालेल्या मृत्यूसाठी. जीवनज्योतीत नाव वयाच्या ५० पर्यंतच घालता येतं. मे महिन्यात खात्यात ४५६ रुपये शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कटत नाही अन् विमा बंद पडतो.