डोंगराला पानं फार झाली

कुंडलच्या डोंगरावर जायचं ते श्रावणात, असा आमच्याकडचा शिरस्ता. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगराच्या कुशीत झरी पार्श्वनाथ आणि माथ्यावर गिरी पार्श्वनाथ. श्रावणातल्या यात्रेला लांबलांबून जैन भाविक येतात, आणि त्यांच्या जोडीनं आम्ही बाकीचे गावकरीही डोंगर चढून येतो. भुरभुर पाऊस, हिरवं गवत, भज्यांचा वास. पौषात मात्र तिकडं कुणी फिरकत नाही. यंदा मी गेलो. कारण माझीच एक चूक.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी प्रतिसरकारच्या काळावर एक कादंबरी लिहिली. १९४३ ते १९४६ या काळात कुंडल हे त्या चळवळीचं मोठं ठाणं होतं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना ही नावं आमच्या घरात देवादिकांइतक्या सहज घेतली जात. त्या वेळी गाव औंध संस्थानात आणि भोवतालचा बराच मुलूख इंग्रजी अंमलात, अशी सरमिसळ. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी तुफान सेनेनं अडवली, ती हकिगत तर इथल्या पोराटोरांना पाठ.

माझ्या कादंबरीतला एक भूमिगत तरुण डोंगरात लपतो. मी त्याला श्रावणात लपवला. कमरेइतकं गवत, धुकं, गर्द झाडोरा; पोलीस दहा हातांवरून निघून जातात आणि त्यांना पत्ता लागत नाही. प्रकरण चांगलं जमलंय असं बऱ्याच जणांनी सांगितलं.

आई आता नव्वदीच्या पुढं. तिला वाचवत नाही, म्हणून मीच ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. तिचं माहेरही कुंडलच. त्या धामधुमीत ती दहा-अकरा वर्षांची होती, आणि आजीबरोबर शेणाच्या पाटीत खाली भाकरी लपवून डोंगराकडं न्यायची. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"डोंगराला पानं लई लावलीस रं."

"अगं, पण श्रावण आहे तो."

"पानी-पावसाचं चार म्हयनं धर. बाकीचं आठ म्हयनं काय ती मानसं घरी झोपत हुती?"

मी गप्प झालो. ऐन हंगामाच्या विक्रीवरून अख्ख्या वर्षाचं उत्पन्न दाखवणारे कर्जाचे कितीतरी अर्ज मी बँकेत परत पाठवले होते. इथं मीच तेच केलं होतं.

निघताना आई म्हणाली, "वर गेलास की आपल्या घराकडं बघ." गावात पोलीस आले की आजी परसात वाकळ वाळत घालायची. वरून ती दिसली की उतरायचं नाही, एवढाच संकेत.

पौषातला डोंगर म्हणजे नुसते काळे दगड आणि पिवळं पडलेलं गवत. कुसळं मोज्यात, धोतरात, मिळेल तिथं घुसतात (मी हौसेनं धोतर नेसून गेलो होतो, तो मूर्खपणा वेगळाच). मधूनच एखादी बाभूळ, तिची सावली चाळणीसारखी. झरीपाशी जरा बसलो, पाणी प्यालो, गुडघ्याला पट्टा बांधला आणि पुन्हा चढायला लागलो. सगळ्या डोंगरात मी एकटाच, अशी माझी समजूत.

माथ्याजवळ एक मेंढका घोंगडी घेऊन बसला होता. मला बघून हसला. "आप्पा, गुडघा लई दुखतुय व्हय? खाली पट्टा बांधत हुता न्हवं? त्याच्या आधी टोपी काढून डोकं पुसलंसा. बांधापासनं बघतुय मी तुमाला."

माझ्या अंगावर काटा आला. पाऊण-एक तास मी त्याच्या डोळ्यांसमोर होतो आणि मला पत्ता नव्हता. तो मेंढका होता म्हणून ठीक. त्या काळी इथं बसणाऱ्यानं दिवसभर दगडाला पाठ लावून पडून राहायचं, सावली फिरेल तसं सरकायचं, खोकला आला तर घोंगडीत दाबायचा, चूल पेटवायची नाही. आणि दहा वर्षांची पोर ही उघडी चढण डोक्यावर पाटी घेऊन चढायची, ती कुणालाही दिसेल अशी. लपायला तिच्याकडं शेणाखेरीज काही नव्हतं.

माथ्यावरून सगळा मुलूख दिसतो. उसाची हिरवी चौकटं, तोडणीनंतरची मोकळी रानं, बापूंचंच नाव लावलेल्या साखर कारखान्याचा धूर. पलीकडं किर्लोस्करवाडी, लक्ष्मणरावांनी १९१० साली माळावर कारखाना मांडला तेव्हा त्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. मग मी गावाकडं वळून आपलं घर शोधायला लागलो. स्लॅबच्या इमारती, काळ्या-पिवळ्या पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा मनोरा. पिंपळ सापडला, त्याच्या डावीकडं आमची आळी असणार. चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मेंढक्यालाही विचारलं. त्यानंही बराच वेळ डोळे बारीक केले.

दिवस कलल्यावर घरी पोचलो. आई सोप्यात वाट बघत बसली होती.

"दिसली का वाकळ?"

"कुठली वाकळ?"

सूनबाईंनी मला परसात नेलं. सकाळी मी बाहेर पडल्यापासून आईनं ती त्यांना दोरीवर घालायला लावली होती आणि दिवसभर काढू दिली नव्हती. शेजारच्या दुमजली भिंतीची सावली तिच्यावर पडली होती.

"न्हाय दिसली," मी म्हणालो.

"मंग आता काढा गं ती," आई म्हणाली, "दव पडंल."